डिक्स, तबकडी आणि थाळी

आपल्या नाशिकमधल्या सातपूरच्या एका वाचकांनी विचारलंय: "गॅरेजमधला पोरगा 'डिक्स ब्रेक' म्हणतो, आमचा मुलगा 'हार्ड डिस्क' म्हणतो आणि वडील गाण्याच्या रेकॉर्डला 'तबकडी' म्हणायचे. तिन्ही वस्तू गोल, चपट्या. मग तिन्हींना मिळून 'तबकडी' हा आपला अस्सल मराठी शब्द का वापरू नये? आणि 'डिक्स' ऐकून कान किटले, त्यावर काही उपाय?"

कान माझेही किटलेत, पण 'डिक्स'ने नाही. 'अस्सल मराठी'ने.

आधी त्या पोराची बाजू घेते. तो डिस्कला डिक्स म्हणतो, डेस्कला डेक्स म्हणतो, करोनात मास्कला माक्स म्हणत होता. तुम्ही म्हणाल, जिभेला 'स्क' जमत नाही. असं कसं? तोच पोरगा पुढच्या वाक्यात म्हणतो, "काका, पॅड बदला, नायतर डिक्सचं नुस्कान होईल." नुकसानमधला 'क' पुढे होता, तो त्याने मागे नेला आणि 'स्क' व्यवस्थित उच्चारला! जीभ आळशी नाही, तिला अदलाबदल आवडते एवढंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. लखनौचं नखलौ त्यातलंच. इंग्रजांच्या जुन्या पोथ्यांत 'आस्क' हे क्रियापद 'आक्स' असंही सापडतं, त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही.

आता 'अस्सल'. तबकडी म्हणजे तबक अधिक लहानपणा दाखवणारा '-डी'. आणि तबक? अरबी. फारसीमार्गे आलेला. मूळ अर्थ ताट, थाळा, शिवाय थर. हिंदीतला 'तबका', म्हणजे समाजाचा थर, याच घरातला. हळदीकुंकवाला ज्या तबकातून तुम्ही अत्तरदाणी फिरवता ते तबक अरबी, अत्तर अरबी आणि दाणी फारसी आहे. काही बिघडलं का? (तबकडीला तबल्याशी जोडणारे एक गृहस्थ मला दर सहा महिन्यांनी भेटतात. तबल्याचं मूळ 'तब्ल', म्हणजे ढोल. त्याचा इथे संबंध नाही.)

मागच्या महिन्यात आपल्या भांडी बाजारात पितळेचं तबक घ्यायला गेले होते. दुकानदारांनी ते उपडं केलं, नखाने टिचकी मारून नाद ऐकवला आणि वर पदरचं एक वाक्य दिलं: "ताई, ताटात जेवायचं, तबकात ठेवायचं आणि पुढं करायचं." कोशात इतकी नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर डिस्क. ग्रीक 'डिस्कोस', म्हणजे फेकायची चकती. ग्रीकमध्ये फेकण्याचं जे क्रियापद आहे त्याच्याशी नातं असलेला शब्द. तो रोमन लोकांकडे गेला, 'डिस्कुस' झाला आणि तिथून फेकाफेक सोडून थेट पंगतीत येऊन बसला. इंग्रजीत त्याची 'डिश' झाली. जर्मन लोकांनी ताट सोडून ताटाखालचं टेबल उचललं, त्यांचा 'टिश' तो हाच. लिहायचं टेबल ते 'डेस्क'. सभेतला उंच चौथरा, 'डेअस', तोही त्याच कुळातला. म्हणजे ऑफिसात डेक्सवर डिश ठेवून जेवणारा माणूस एकाच शब्दावर दोनदा जेवतो. फ्रेंचांनी ग्रंथालयाच्या 'बिब्लिओथेक'वरून रेकॉर्डींच्या संग्रहाला 'डिस्कोथेक' केलं, त्याचं शेपूट तोडून 'डिस्को' उरलं. आपलं १८४० सालचं सार्वजनिक वाचनालय हे बिब्लिओथेक. त्याचा सख्खा चुलतभाऊ डिस्को, हे तिथल्या जुन्या सभासदांना सांगून पाहा.

आणि आपण काय केलं? फेकण्याच्या त्या मूळ डिस्कोसला मराठीत आणताना नाव दिलं 'थाळीफेक'! ग्रीकांनी फेकलेली वस्तू युरोपभर ताट होऊन फिरली आणि आपण ते ताट उचलून पुन्हा मैदानात नेलं. पुरुषांची ही थाळी दोन किलोची असते, जेवायला उपयोग नाही.

इथे माझं एक लाडकं मत आहे, ते ऐकावं लागेल. नवी गोल चपटी वस्तू दिसली की माणूस नाव शोधायला स्वयंपाकघरात धावतो. हार्ड डिस्कच्या आत फिरणाऱ्या चकत्यांना त्या धंद्यातले लोक 'प्लॅटर' म्हणतात, म्हणजे परात. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क काढली तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. लग्नघरातली परातींची चळतच ती. सगळ्या मिळून साठवण सुमारे ५ एमबी, आज मोबाइलवरचा एखादा फोटोही त्यात मावायचा नाही. मोटारीत 'क्लच प्लेट'. आकाशात इंग्रजांची उडती बशी, तीच आपली उडती तबकडी. उत्तरेत जुन्या रेकॉर्डला 'तवा' म्हणत. आणि आपल्या निफाड-पिंपळगावकडे ट्रॅक्टरमागे जो डिस्कचा नांगर लागतो, त्याला 'तव्याचा नांगर' म्हणतात. त्याच्या चकत्या सपाट नसतात, खोलगट असतात, भाकरीच्या तव्यासारख्या. सपाट असत्या तर शेतकरी तवा म्हणाला नसता. परिभाषा समितीला हा शब्द कधी सुचला नसता, पैजेवर सांगते.

एक विद्वान भाषणात म्हणाले की डिस्क हा आपल्या 'दिक्चक्रा'चा अपभ्रंश. ग्रीक शब्दाचं 'दिश्' धातूशी दूरचं नातं असावं असं मानणारे अभ्यासक आहेत, नाकारणारेही आहेत, मी नाकारणाऱ्यांत. पण नातं मानलं तरी ते भावंडांचं होईल. भावाला मुलगा म्हणून दाखल्यावर कसं चढवणार?

माझ्या मतात न बसणारा शब्द एकच, 'ध्वनिमुद्रिका'. तो दागिन्यांच्या डब्यातून आला. मुद्रिका म्हणजे अंगठी, मारुतीने सीतेला नेऊन दिली ती. पण मुद्रा म्हणजे ठसा, आणि रेकॉर्ड खरोखर ठशानेच दाबून काढतात, म्हणून हा शब्द मी खळखळ न करता मान्य करते.

रेकॉर्डीवरून आठवलं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्या शेलॅकच्या असत, आणि शेलॅकमधला 'लॅक' म्हणजे आपली लाख, संस्कृत लाक्षा. पांडवांचं लाक्षागृह त्याच मालाचं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबून परत आल्या. कलकत्त्यात कारखाना निघाला १९०८मध्ये. तबकडी शब्द अरबी, आतली लाख आपली.

हां, तुमचा प्रश्न. तिन्हींना एक शब्द? नाही. दुकानदारांचं वाक्य लावून बघा. रेकॉर्डवर सुई ठेवतात, म्हणून ती तबकडी, छानच. घड्याळाची तबकडीही चालते, आकडे मांडलेले असतात. ब्रेकच्या डिस्कवर कोणी काही ठेवत नाही, दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात, म्हणून ती डिस्कच. चकती म्हणालात तर अंबडच्या कारखान्यातला माणूस वायसर आणून देईल. हार्ड डिस्कला 'कठीण तबकडी' म्हणू नका, हात जोडते. नव्या लॅपटॉपांत बहुधा आत फिरणारं काहीच नसतं, तरी लोक सवयीने हार्ड डिस्क म्हणतात, म्हणू देत. आणि पाठीतली डिस्क सरकली तर ती 'गादी', तिथे मराठी केव्हाच पुढे गेली आहे.

वडिलांच्या तबकड्या अजून घरात असतील तर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका आणि उन्हापासून जपा. माझ्या आजोबांच्या तीन तबकड्या एका मे महिन्यात ओट्यावर राहून गेल्या होत्या. संध्याकाळी उचलल्या तेव्हा तिघींचा तवा झाला होता, खोलगट.