तोड्याची, चकमकीची की केपाची?

प्रश्न असा आला आहे: १७५७च्या उत्तर अमेरिकेत, इंग्रज-फ्रेंच सरहद्दीवरच्या युद्धात घडणारी प्रेमकथा मराठीत आणायची आहे. नायकाच्या बंदुकीला ‘तोड्याची बंदूक’ म्हणावे का? आणि ‘त्याने घोडा दाबला’ हे बरोबर का?

दोन्ही चूक. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा, म्हणजे जामगी, दारूला लावतात. लेक जॉर्जकाठच्या जंगलात रात्री दबा धरून बसलेल्या माणसाच्या हातात जळती जामगी दिली, तर तिची ठिणगी आणि वास त्याचा ठावठिकाणा सांगून टाकेल. ऑगस्ट १७५७मध्ये तिथल्या इंग्रजांच्या फोर्ट विल्यम हेन्री या किल्ल्याला फ्रेंचांचा वेढा पडला, तेव्हा दोन्ही फौजांकडे चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, ती पोलादी पत्तीवर आपटते आणि ठिणग्या पडतात. ‘ठासणीची बंदूक’ म्हटले तर चूक नाही, पण त्यात तोड्याची, चकमकीची, केपाची अशा सगळ्याच येतात. केप (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी) मात्र इथे अजिबात नको, तो एकोणिसाव्या शतकातला.

एक अडचण खरी आहे. ‘चकमक’ म्हणजे छोटी लढाईसुद्धा, आणि अशा कथेत ती पानोपानी येणार. म्हणून पहिल्या उल्लेखात गारगोटी दाखवावी, पुढे नुसते ‘बंदूक’ पुरते.

आता घोडा. घोडा बोटाने मागे ओढून चढवतात, दाबतात तो चाप. आधी घोडा अर्धा चढवायचा, दाताने कागदी काडतूस फोडायचे, चिमूटभर दारू कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक छिद्राजवळच्या, वाटीत टाकायची (हीच रंजक), वर पत्ती बंद करायची. उरलेली दारू नळीत, मागून गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचे. गज जागेवर ठेवून घोडा पूर्ण चढवायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. कवायती शिपाई मिनिटाला तीनेक बार काढी. घाबरलेला शिपाई गज नळीतच विसरे, आणि तो गोळीबरोबर उडून जाई. कथेत असा प्रसंग हवा असेल तर तो पूर्ण खरा वाटेल.

बार फसला तर ‘बंदूक बिघडली’ लिहू नये, कारण लिहावे. पावसात रंजक ओली होते. गारगोटी झिजली की ठिणगी पडत नाही. कानात काजळी साचली, तर रंजक भडकते पण नळीतली दारू पेटत नाही. ‘रंजक पेटली, बार उडाला नाही’ एवढ्या पाच शब्दांत नायकाचा जीव टांगणीला लागतो.

हे शब्द उसने नाहीत. पानिपत १७६१चे, म्हणजे त्याच काळातले. इब्राहिमखानाचे गारदी चकमकीच्या बंदुका वापरत, आणि ‘तोफेच्या कानात खिळा ठोकणे’ आपल्या इतिहासलेखनात रुळलेले आहे. ‘कान’ निर्धास्त वापरावा.

नायक सरहद्दीवरचा शिकारी असेल तर त्याच्या हाती ‘रायफल’ शोभते. नळीत पिळाच्या खाचा असल्याने नेम दूरवर अचूक लागतो, पण गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून रेटावी लागते. त्यामुळे एका मिनिटात दुसरा बार काढायला लावू नका.