वाचकांचे प्रश्न : सुट्या भागांतून जुना गार्डन ट्रॅक्टर उभा करताना

या अंकातले प्रश्न १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या, एक सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या गार्डन ट्रॅक्टरांविषयी आहेत. कब कॅडेट, जॉन डिअर, व्हील हॉर्स अशा वेगवेगळ्या नावांच्या यंत्रांवर त्या काळी कोहलरचे ‘के’ मालिकेतले बिडाचे इंजिन सर्रास बसवलेले असे. म्हणून खालची मापे त्याच इंजिनाची दिली आहेत. तुमचे इंजिन दुसरे असेल तर कामाची पद्धत हीच ठेवा, पण आकडे त्याच्या पुस्तिकेतून घ्या.

प्रश्न : दोन अर्धवट ट्रॅक्टर आणि पेटीभर सुटे भाग मिळाले आहेत. दोन्हींतून एक चालता करायचा आहे. कोणता सांगाडा धरावा? आणि कुठला भाग कुठे बसेल हे कसे ओळखायचे?

रंग बघून किंवा इंजिन कोणाचे फिरते ते बघून सांगाडा निवडू नका. ज्याची मागची गिअरपेटी शाबूत, चॅसिस सरळ आणि बॉनेट-जाळी पूर्ण, तो धरा. पिस्टन, रिंगा, पॉइंट, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे किट आजही नवे मिळतात. बॉनेट, पुढची जाळी आणि गिअरपेटीचे कवच मात्र दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरवरूनच काढावे लागते. चॅसिस सरळ आहे का हे पाहायला समोरासमोरच्या भोकांमधली दोन तिरकी अंतरे मोजा. ती सारखी भरली नाहीत तर चॅसिस वाकडी झाली आहे.

इंजिन ओळखताना पत्र्यावरच्या पट्टीवर एकदम विश्वास ठेवू नका. ‘के३०१एक्यूएस’ असे लिहिले असेल तर ए म्हणजे खास तेलाची पॅन, क्यू म्हणजे कमी आवाजाची बांधणी आणि एस म्हणजे बॅटरीवरचा स्टार्टर. पण वरचा पत्रा एका इंजिनावरून काढून दुसऱ्यावर बसतो, आणि इतक्या वर्षांत तो बसवलेला असण्याची शक्यता भरपूर. हेड उघडून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला की खरे कळते. मूळ माप के२४१ ला ३.२५ इंच, के३०१ ला ३.३७५, के३२१ ला ३.५ आणि के३४१ ला ३.७५ इंच. या मापांहून ०.०१०, ०.०२० किंवा ०.०३० इंच जास्त भरले तर सिलिंडर आधी एकदा ओव्हरसाइज केलेला, म्हणजे मोठ्या पिस्टनसाठी कातून रुंद केलेला आहे. ०.०३० झाला असेल तर पुढचा ओव्हरसाइज पिस्टन मिळणार नाही, आत नवी नळी म्हणजे स्लीव्ह घालावी लागेल. किंमत ठरवण्याआधी हे माहीत हवे.

दोन्ही इंजिने के३०१ निघाली तरी ती अदलाबदल करता येतीलच असे नाही. कब कॅडेटमध्ये इंजिनाचा जोर सरळ शाफ्टने मागे जातो, इतर बऱ्याच ट्रॅक्टरांत तो पट्ट्याने जातो. त्यामुळे क्रँकचे टोक, तेलाची पॅन आणि बसवण्याची भोके वेगळी असतात. मॉडेल क्रमांकाशेजारी जो स्पेसिफिकेशन क्रमांक असतो तो हाच फरक सांगतो. भाग मागवताना तो द्या.

आणखी एक गोष्ट : नवा भाग प्रत्यक्ष बसून चालेपर्यंत मोडका भाग टाकू नका. माप घ्यायला तोच लागतो.

प्रश्न : इंजिन कित्येक वर्षे बंद होते, आता जाम आहे. फ्लायव्हीलला पाना लावून जोर दिला तरी हलत नाही.

पाना आधी बाजूला ठेवा. या इंजिनांचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यात वेगळी बेअरिंग नसते, तो थेट क्रँकवर फिरतो. पिस्टन चिकटलेला असताना लांब दांड्याने जोर दिला की पिस्टन सुटण्याऐवजी रॉडच चिरतो. पुढे इंजिन चालू झाल्यावर तो तुटतो आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो.

आधी प्लग काढा, पत्रे काढा, फ्लायव्हीलमध्ये उंदराचे घरटे किंवा स्टार्टरचा दात अडकलेला नाही ना ते बघा. मग हेड काढा. साइड व्हॉल्व्ह इंजिन असल्याने, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असल्याने, हेडखाली फक्त गॅस्केट असते, काम तासाभराचे. आता पिस्टन कुठे थांबला आहे आणि व्हॉल्व्ह उघडे अडकले आहेत का, दोन्ही दिसते. उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी आत गेले की सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचे कडे तयार होते. बहुतेक वेळा पिस्टनला तेच अडवते.

ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून पिस्टनवर ओता. हे मिश्रण पेट घेते, म्हणून मोकळ्या हवेत आणि ठिणगीपासून लांब. ॲसिटोन उडून जाते, तेव्हा रोज थोडी भर घाला. पिस्टनच्या वरचे गंजाचे कडे बारीक एमरी पेपरने उतरवा. चार-पाच दिवसांनी पिस्टनवर लाकडी ठोकळा धरून रबरी हातोडीने हलके ठोके द्या आणि फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवा. केसाएवढी हालचाल झाली की थांबा, पुन्हा मिश्रण घाला. एका दिशेने रेटत राहू नका. पुढे-मागे केल्यानेच गंजाचा चुरा निघतो.

फिरायला लागले म्हणून लगेच चालू करू नका. पॅन उघडून रॉड आणि क्रँकची जागा बघा. क्रँकवर ॲल्युमिनियम चिकटलेले असेल तर ते काढून माप घ्या. क्रँक घासावा लागला तर ०.०१० इंच कमी मापाचा रॉड मिळतो. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजा. नव्या बोअरमध्ये ती ०.०१० ते ०.०२० इंच असावी, वापरलेल्या बोअरमध्ये ०.०३० पर्यंत चालते.

हेड परत बसवण्याआधी जाड काचेवर पालथे ठेवून चारही बाजूंनी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला. ०.००३ इंचाची पाती खाली शिरली तर हेड वाकले आहे. काचेवर एमरी पेपर चिकटवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत घासा. गॅस्केट नेहमी नवे. के२४१ ते के३४१ चे हेड-बोल्ट २५ ते ३० फूट-पाउंडांवर, म्हणजे साधारण ३४ ते ४१ न्यूटन-मीटरवर, तीन टप्प्यांत आणि पुस्तिकेतल्या क्रमाने आवळा. याच इंजिनांची टॅपेट फट (व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला उचलणारा टॅपेट यांतली) थंड इंजिनावर इनटेकला ०.००८ ते ०.०१०, एक्झॉस्टला ०.०१७ ते ०.०२० इंच. के१८१ सारख्या लहान इंजिनांत टॅपेटला समायोजनाचा स्क्रू नाही, तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक थोडे-थोडे घासून फट मिळवावी लागते. जास्त घासले गेले तर व्हॉल्व्ह वाया, म्हणून दर वेळी मोजा.

कॉम्प्रेशन गेजचा आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. यातल्या बऱ्याच इंजिनांत स्टार्टच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडणारी योजना कॅमवरच असते. त्यामुळे तो आकडा खरे चित्र देत नाही. हवा भरून गळती मोजा : सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारे तोंड) आली तर रिंगा.

प्रश्न : इंजिन उघडल्यावर क्रँकशेजारी दोन जास्तीचे वजनदार गिअर दिसले. ते हवेतच का?

ते बॅलन्स गिअर. थरथर कमी करण्यासाठी के२४१ पासून पुढच्या काही इंजिनांत दिलेले. त्यांची बेअरिंग किंवा पिन झिजली की गिअर सुटून ब्लॉक फोडू शकतो. पिनवर जराही खेळ जाणवला तर ते काढून टाका. इंजिन त्यांच्याशिवाय चालते, थरथर थोडी वाढते एवढेच. झिजलेले परत बसवू नका. ठेवायचेच असतील तर नवी बेअरिंग घालून पुस्तिकेतल्या खुणांप्रमाणे क्रँकशी जुळवूनच.

प्रश्न : सगळे नीट बांधले, रंगही दिला. आता स्टार्टर फिरतो पण स्पार्क कधी येतो, कधी नाही.

रंग हेच कारण असण्याची शक्यता सर्वांत मोठी. चॅसिस, इंजिनाची बैठक, रेग्युलेटरची पाठ हे सगळे अर्थिंगचे रस्ते आहेत, आणि रंगाचा थर ते बंद करतो. इंजिनाच्या एका बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड केबल थेट टाका. जिथे भाग टेकतात तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून धातू उघडा करा.

मग पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे संपर्क. ते इंजिनाच्या बाजूला छोट्या झाकणाखाली असतात आणि कॅमवरून आलेली एक बारीक दांडी त्यांना उघडते. नव्या पॉइंटवर तेलाचा पातळ थर असतो, तो कोऱ्या कागदाच्या पट्टीने पुसा. पूर्ण उघडल्यावरची फट ०.०२० इंच ठेवा. यावर समाधान न मानता टायमिंगही बघा, कारण दांडी झिजली असेल तर फट बरोबर असूनही ठिणगी उशिरा पडते. फ्लायव्हीलच्या खिडकीत ‘एस’ खूण आणा. कॉइलची तार सोडून पॉइंटवर मल्टिमीटर लावा. खूण मध्यावर येताच पॉइंट उघडायला लागला पाहिजे. ‘टी’ खुणेवर लावू नका, ती पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण आहे. ठिणगी त्याआधी २० अंशांवर हवी. प्लगची फट बॅटरी इग्निशनला ०.०३५ इंच, मॅग्नेटोला ०.०२५.

पॉइंट थोड्याच तासांत काळे पडत असतील तर कॉइल तपासा. १२ व्होल्टवर थेट चालणाऱ्या कॉइलच्या प्रायमरीचा रोध सुमारे ३ ते ४ ओहम असतो. दीड ओहमची कॉइल बाहेरचा रेझिस्टर मागते. तो नसला की जास्त करंट जाऊन पॉइंट जळतात. ‘१२ व्होल्ट’ असे कॉइलवर लिहिले एवढे पुरेसे नाही.

प्रश्न : इंजिन सुरू होते, पण एका वेगावर टिकत नाही. सारखे वर-खाली होते.

मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कार्ब्युरेटर साफ करूनही हे होत असेल तर थ्रॉटलच्या दांड्यापाशी हवा ओढली जाते आहे. चालू इंजिनावर दांड्याच्या दोन्ही बाजूंना कार्ब क्लीनरचा अगदी बारीक फवारा द्या, गरम सायलेन्सरपासून दूर. वेग बदलला तर दांडा झिजला आहे, लेथवर भोक मोठे करून बुश बसवा. हे न करता कार्ब्युरेटरच्या मिश्रण जुळवायच्या सुया फिरवत बसणे व्यर्थ. दांडा ठीक असेल तर मुख्य सुई हलक्या हाताने बंद करून दोन फेरे उघडा, आयडलची सव्वा ते दीड फेरा, आणि इंजिन गरम झाल्यावर बारीक जुळवा. सुई जोराने आवळली की टोकाला कडे पडते आणि मग ती कधीच नीट जुळत नाही.

इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नरही एकदा मुळापासून लावा. त्याच्या आर्मचा नट सैल करा, आर्म कार्ब्युरेटरपासून लांब, जाईल तिथपर्यंत ओढून धरा, आतून आलेल्या शाफ्टचे टोक पकडीने घड्याळाच्या उलट दिशेने थांबेपर्यंत फिरवा आणि तिथेच नट आवळा. वेग ३६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. स्प्रिंग ताणून वेग वाढवण्याचा मोह ॲल्युमिनियमच्या रॉडला परवडत नाही.

प्रश्न : मागच्या चाकाचा हब निघत नाही, आणि गिअरपेटीतले तेल दुधासारखे झाले आहे.

दूध म्हणजे पाणी. ते बहुतेकदा गिअरच्या दांड्याच्या फाटलेल्या रबरी बुटातून उतरते. तेल काढा, रॉकेल किंवा डिझेल घालून चाके उचलून हाताने फिरवा, पुन्हा काढा, स्वच्छ निघेपर्यंत. बूट बदलल्याशिवाय नवे तेल भरू नका. तेल कोणते हे पेटीप्रमाणे ठरते : व्हील हॉर्सच्या गिअरच्या पेटीला एसएई ९० गिअर ऑइल, कब कॅडेटला हाय-ट्रान हे ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल. एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

हबसाठी सेटस्क्रू पूर्ण बाहेर काढा. एका भोकात कधी दोन स्क्रू एकावर एक असतात, दुसरा राहिला तर सगळी मेहनत फुकट. गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस घाला, मग पुलरने ताण देऊन ठेवा, हब बाहेरून गरम करा आणि गार होऊ द्या. ॲक्सलच्या टोकावर घण मारू नका. टोक फुगते, आणि धक्का आत डिफरन्शियलपर्यंत जातो. हब निघाला की ऑइल सील लगेच बदला. बाहेर आलेल्या ॲक्सलवर गंजाची धार असेल तर नवी सील सरकवताना तीच ती कापते, म्हणून आधी पॉलिश पेपरने गुळगुळीत करा.

प्रश्न : गंजलेले भाग घरी इलेक्ट्रोलिसिसने साफ करता येतात का? कशाला करू नये?

येतात. प्लॅस्टिकच्या टबात दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला, दोन्ही एकमेकांना न टेकता. रात्रभरात गंज काळा होऊन ब्रशने निघतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. तारा हलवण्याआधी चार्जर बंद. ॲल्युमिनियमचे भाग यात विरघळतात, स्प्रिंगा ठिसूळ होतात, दोन्ही बाहेर ठेवा. भाग निघाला की धुऊन, गरम हवेने वाळवून त्याच तासात प्रायमर द्या. उशीर केला तर तांबूस गंज परत दिसू लागतो.

प्रश्न : स्टार्टर-जनरेटर (सुरू करणे आणि चार्जिंग, दोन्ही कामे करणारी एकच मोटर) इंजिन फिरवतो, पण बॅटरी चार्ज करत नाही.

पट्टा आधी : मध्यावर ५ किलोच्या दाबाने पाव इंच दबावा. मग इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या ‘बॅट’ आणि ‘जेन’ टोकांना क्षणभर तार टेकवा. बारीक ठिणगी पडली की जनरेटरचे ध्रुव पुन्हा ठरले. बॅटरी किंवा रेग्युलेटर काढून लावल्यावर डेल्को-रेमीच्या संचाला हे दर वेळी करावे लागते, आणि नेमके हेच राहून जाते. तरीही चार्जिंग नसेल तर जनरेटरच्या ‘एफ’ टोकावरची तार काढा, मध्यम वेगावर ते टोक दोन सेकंद अर्थ करा आणि बॅटरीवर व्होल्टमीटर बघा. आकडा चढला तर जनरेटर चांगला आणि दोष रेग्युलेटरमध्ये. चढला नाही तर कार्बन ब्रश आणि कम्युटेटर उघडा.