पीपीपीमधून शहरात परवडणारी घरं खरंच वाढतात का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या महापालिकेत झोपडपट्टीची जागा बिल्डरला देऊन त्याच्याकडून गरिबांसाठी घरं बांधून घ्यायचा प्रस्ताव आलाय, पीपीपी म्हणजे सरकारी-खाजगी भागीदारी म्हणतात, तर यातून खरंच घरं होतात का की फक्त बिल्डरचं भलं होतं. मी मुंबईतल्या भांडुपचा. आमचं झोपडं एसआरएत, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत गेलं, २०११ ला बाहेर पडलो आणि २०२० ला नवीन घरात आलो, नंतर तीन वर्षं सोसायटीच्या कमिटीत होतो, त्यामुळे जे सांगतोय ते बरंचसं अंगावरून गेलेलं आहे.

घरं होतात. मी आत्ता त्यातल्याच एका घरात बसून लिहितोय. पण किती वर्षांनी होतात आणि मधली वर्षं कुणाच्या जिवावर जातात हे करारात पैसा आधी कुणाच्या हातात पडतो त्यावर ठरतं, माझ्या मते बाकी सगळं त्याच्या नंतर येतं.

आधी गणित समजून घ्या कारण तुमच्याकडेही हेच असणार. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे एसआरए, डिसेंबर १९९५ ला सुरू झालं, अफझुलपूरकर समितीच्या शिफारशीवरून. सरकार घरासाठी पैसे देत नाही. जागा बहुतेक वेळा सरकारची, पालिकेची नाहीतर म्हाडाची (सरकारचं गृहनिर्माण मंडळ) असते, बिल्डर त्याच जागेच्या एका भागात झोपडीवाल्यांना फुकट घरं बांधून देतो (आमच्या वेळी २६९ चौरस फूट, आता ३००) आणि त्या बदल्यात त्याला जादा एफएसआय, म्हणजे त्या जागेवर जास्त बांधकाम करायची परवानगी मिळते, त्यातून तो सेलची बिल्डिंग बांधतो आणि बाजारभावाने विकतो. म्हणजे आमच्या घराचा खर्च सेलमधला फ्लॅट घेणारा भरतो. कागदावर हे फार सुंदर आहे, सरकारच्या तिजोरीला हात लागत नाही, गरिबाला घर मिळतं, बिल्डरला नफा मिळतो.

पण बघा, यातच एक गोष्ट पक्की होऊन जाते की घर तिथेच होणार जिथे सेलचा फ्लॅट महाग विकला जातो. वरळी, अंधेरी, घाटकोपरला बिल्डरांची रांग लागते आणि जिथे भाव नाही तिथली वस्ती तशीच राहते, तिथल्या माणसाची गरज कमी आहे म्हणून नाही तर त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक नाही म्हणून. आणि बाजार बसला की काम थांबतं. १९९५ ला घोषणा होती ४० लाख लोकांना घरं, म्हणजे साधारण ८ लाख घरं, तीही पाच वर्षांत. पंचवीस-तीस वर्षांत झाली अडीच लाखाच्या आसपास. आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५० लाखांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते, शहराच्या ४० टक्क्यांच्या वर.

आता आमचं सांगतो. २००९ ला संमतीपत्रावर सह्या झाल्या, तेव्हा ७० टक्के लागायची (आता ५१ वर आणलीय). मग परिशिष्ट-२, म्हणजे कोण पात्र कोण अपात्र त्याची यादी. १-१-९५ च्या मतदार यादीत नाव पाहिजे, लाइटबिल पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे. आमचे पप्पा एक दुधाची पिशवी धुवून त्यात हे सगळे कागद आणि फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) ठेवायचे, पावसात घरात पाणी आलं की आधी ती पिशवी वर माळ्यावर जायची आणि मग बाकीचं सामान. आमचं नाव निघालं. आमच्या समोरच्या काकूंचं नाही निघालं, नवरा वारल्यावर त्या दोन वर्षं गावाला होत्या आणि नेमकं त्याच वेळी यादीतून नाव उडालं. त्या अपात्र झाल्या, आणि अपात्र माणूस कुठे जातो याचं उत्तर त्या योजनेत नव्हतंच.

२०११ ला खोल्या खाली केल्या. बाहेर राहायला बिल्डरने महिन्याला ८,००० भाडं द्यायचं ठरलं, अकरा महिन्यांचे चेक एकदम दिले. त्याच गल्लीच्या मागे भाड्याने खोली घेतली, धाकट्या भावाची शाळा जवळ होती म्हणून. दुसऱ्या वर्षी चेक उशिरा यायला लागले, मग एक बाउन्स झाला आणि त्याचा दंड आईच्या खात्यातून गेला, आणि २०१३ च्या दिवाळीनंतर भाडं बंदच. बिल्डरच्या ऑफिसात गेलं की साहेब साइटवर आणि साइटवर गेलं की साहेब ऑफिसात. जोता झालेला, त्याच्यावर सळया उभ्या, त्या सळया चार पावसाळ्यांत गंजून लाल झालेल्या मी बघितल्यात. आम्ही लांब ठाण्याच्या पुढे दिवा स्टेशनला राहायला गेलो कारण भांडुपचं भाडं परवडेना. पप्पा दिव्याहून पहाटेच्या गाडीने कामाला यायचे. २०१६ ला ते तिथेच वारले, भाड्याच्या खोलीत. ती पिशवी तेव्हाही कपाटात होती.

कमिटीने झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली अर्ज करून बिल्डर बदलून घेतला, त्यात दोन वर्षं गेली, दुसऱ्याने काम पूर्ण केलं. हे फक्त आमचंच झालं असं समजू नका. गोरेगावच्या पत्रा चाळीत ६७२ कुटुंबं होती, २००८ ला करार झाला, लोकांनी चाळ खाली केली आणि वर्षानुवर्षं भाड्याशिवाय बाहेर राहिले, शेवटी म्हाडाने प्रकल्प ताब्यात घेऊन इमारती पूर्ण केल्या. जुलै २०२४ ला तर सुप्रीम कोर्टानेच मुंबई हायकोर्टाला सांगितलं की झोपडपट्टी कायदा नीट काम करतोय का याचं ऑडिट करा.

बिल्डर वाईट असतात म्हणून हे झालं असं म्हणून मी मोकळा होणार नाही. आमच्याकडे जागा खाली झाली त्या दिवशी आमच्या हातातलं सगळं गेलं होतं आणि बिल्डरचं काहीच अडकलेलं नव्हतं. प्रकल्पाचा कागद दाखवून तो कर्ज उचलू शकत होता, दुसऱ्या साइटवर फिरवू शकत होता, आमचं भाडं हा त्याच्यासाठी शेवटचा खर्च होता. आता नियम थोडा सुधारलाय, दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायला लावतात, हेच आमच्या वेळी असतं तर निदान पहिली दोन वर्षं चेकसाठी खेटे घालावे लागले नसते.

दुसरी गोष्ट घर कसं असतं. मानखुर्द-गोवंडीकडे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहती आहेत, रस्ते आणि रेल्वेच्या कामात घर गेलेल्या प्रकल्पबाधितांसाठी बांधलेल्या. दोन इमारतींमध्ये तीन-तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. २०१८ ला तिथे अभ्यास झाला आणि त्यात उजेड-हवा नसणं आणि टीबी यांचा संबंध दिसला. गरिबांची घरं म्हणून अंतराचे नियम सैल केले जातात, का तर बिल्डरला परवडलं पाहिजे. हे मला अजिबात पटत नाही. तुमच्या प्रस्तावात दोन इमारतींमधलं अंतर किती लिहिलंय ते आधी बघा.

आणि मेंटेनन्स. आमची बिल्डिंग १४ मजल्यांची, दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, कॉमन लाइट. झोपडीत आईचा खर्च होता लाइटबिल आणि पाण्याचे थोडे पैसे. आता महिन्याला हजाराच्या वर मेंटेनन्स. बिल्डर प्रत्येक घरामागे कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी एकदाच ठेव भरतो, आमच्या वेळी २० हजार होता, त्याच्या व्याजात लिफ्टचं वार्षिक कंत्राटसुद्धा निघत नाही. कमिटीत असताना थकबाकीदारांची यादी मी करायचो, धुणीभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले, एक वॉचमन. त्यातली काही घरं आता भाड्याने गेलीत आणि ती माणसं परत दिवा-मुंब्र्याला.

मग पीपीपी नको का? पाहिजे, एकट्या सरकारने इतकी घरं बांधल्याचं मी बघितलेलं नाही. पण भागीदारीचे प्रकार वेगवेगळे असतात. मुंबईतल्या बीडीडी चाळींचं, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळींचं बघा, तिथे विकासक स्वतः म्हाडा आहे, मोठ्या कंपन्या टेंडरवर फक्त कंत्राटदार म्हणून आल्या, जमीन बिल्डरकडे गेली नाही आणि विक्रीची घरं म्हाडाकडे राहिली. रहिवाशांना ५०० चौरस फूट, आणि वरळीत ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. तिथेही उशीर झालाच, पण उशिराचा भार एकट्या भाडेकरूच्या डोक्यावर नव्हता. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरला एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि एसआरए मिळून करतायत, आणि २०२४ ला सरकारने अशाच २२८ रखडलेल्या योजना सरकारी संस्थांबरोबर भागीदारीत पूर्ण करायचं ठरवलं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सोलापूरचं, आणि तुमचं शहर मुंबईएवढं नाही म्हणून ते मुद्दाम वाचा. कुंभारीजवळ रे नगर आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-पत्रा गोळा करणाऱ्या बायका अशा असंघटित कामगारांची ३०,००० घरं, कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकाराने, जानेवारी २०२४ ला पहिली १५,००० दिली गेली. त्याआधी २००६ ला तिथेच विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळालेली. यात कामगारांची संस्था स्वतः पुढे होती. प्रधानमंत्री आवास योजनेत भागीदारीच्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो, उरलेला वाटा कामगाराचा. सेलची बिल्डिंगच नाही, त्यामुळे फ्लॅट विकला जाईल का याची वाट बघत कुणी बसत नाही. शहराबाहेर आहे ही अडचण आहेच, पण विडी घरी बसून वळतात, धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र इतकं लांबचं घर उपयोगाचं नाही, तुमच्या वस्तीत लोक काय काम करतात ते बघूनच जागा ठरली पाहिजे.

अजून एक, मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटरच्या वरच्या खाजगी प्रकल्पात २० टक्के घरं लहान उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायचा नियम आहे, म्हाडाच्या लॉटरीत ती येतात. प्लॉटचे तुकडे पाडून ४,००० च्या खाली आणायची पळवाट लोक काढतात. तुमच्या शहराला हा नियम लागू असेल आणि पालिकेत कुणीतरी बांधकाम परवानग्या काढून बघितल्या तर नवीन योजना न आणताही घरं सापडतील.

आता तुम्ही काय करायचं. सभेला जा आणि कराराचा मसुदा मागा, नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाका. त्यात तीन गोष्टी शोधा. भाड्याचे पैसे कुणाच्या खात्यात आणि किती महिन्यांचे आगाऊ, सेलच्या बिल्डिंगची परवानगी रिहॅबचं, म्हणजे झोपडीवाल्यांच्या बिल्डिंगचं किती काम झाल्यावर, आणि अपात्र ठरलेल्यांना कुठे ठेवणार. जागेची मालकी शेवटपर्यंत पालिकेकडे राहते का तेही. ही पानं मिळाली की नावं झाकून फोटो इथे टाका, मी वाचून सांगतो, आमच्या करारात यातली एकही ओळ नव्हती त्यामुळे नसली की मला लगेच कळेल.