भाव सांगताना आवाज का बसतो?

"ताई, मी २६ वर्षांची, गोव्यातल्या डिचोलीची. ३ वर्षं एका स्टुडिओसाठी लग्नांचे फोटो काढले, जूनमध्ये ते काम सोडलं. स्वतःचा कॅमेरा आहे, दोन लेन्स आहेत. इन्स्टाग्रामवर ४०० फोटो आहेत. 'छान' म्हणणारे पुष्कळ, काम देणारं कुणी नाही. नातेवाईक फुकट बोलावतात. कुणी भाव विचारला की आवाजच बसतो, निम्मा आकडा सांगून मोकळी होते. आई म्हणते, सरकारी नोकरीचे फॉर्म भर. माझ्यात आत्मविश्वासच नाही का?"
– संकोची

बाय, ३ वर्षं लग्नघरांच्या धांदलीत तू फोटो काढलेस. तिथे हात थरथरला असं पत्रात कुठेच नाही. आवाज बसतो तो फक्त पैशांपाशी. मला वाटतं, आपल्या कामाला काय काय लागतं ते तू कधी कागदावर मांडलेलं नाहीस.

मांडून बघ. एका दिवसाच्या लग्नामागे फोटो निवडणं, रंग-उजेड सुधारणं, अल्बम लावणं यांत आणखी ३-४ दिवस सहज जातात. शिवाय पेट्रोल, भाड्याची लेन्स, हार्ड डिस्क, कॅमेऱ्याची झीज. हे सगळं धरून जो आकडा येईल त्याच्या खाली उतरू नकोस. तो सांगितलास की गप्प राहा. "कमी करीन हं" हे समोरच्याने मागायच्या आधी तूच देऊन टाकतेस, खरं ना?

नातेवाइकांना, "५ फोटो माझ्याकडून आहेर, पूर्ण समारंभ हवा तर दर असा," एवढं हसून सांग.

आता ते ४०० फोटो. त्यात सूर्यास्त आहे, मांजर आहे, मावसबहिणीची हळद आहे. काम देणाऱ्याला कळायला हवं की तुला नेमकं काय येतं. एकच विषय धर, त्यातले २० फोटो ठेव. माझं ऐकशील तर आपल्या जत्रा-काल्यांतली मराठी नाटकं धर. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, कुठेही जा, देवळाच्या उत्सवात गावकरी रात्र जागवून नाटक करतात आणि त्याचे फोटो निघतात ते प्रेक्षकांतून मोबाइलवर. माझे वडील २२ वर्षं आमच्या देवळात स्त्रीपार्ट करत. घरात त्या दिवसांचा त्यांचा एकच फोटो आहे, तोही प्रयोगानंतर रंग पुसल्यावर काढलेला. म्हणून हे आग्रहाने सांगते आहे.

प्रयोगापेक्षा रंगीत तालमीला जा. तिथे कुणाच्या आड न येता रंगमंचाजवळ उभं राहता येतं. फ्लॅश नको. लाल-निळ्या दिव्यांत चेहऱ्याचा रंग पार बिघडतो, तेव्हा रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढ, रंग नंतर सुधारता येतो. नट संवाद संपवून थांबतो तो क्षण धर. हात असा अंधारात तयार झाला की हॉलमधली लग्नं जड जाणार नाहीत, आणि ज्या मंडळाला फोटो देशील त्याच्या घराघरांत तुझं नाव जाईल.

रोकड मात्र लग्नांतच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनाऱ्यावरच्या लग्नांना बाहेरचे फोटोग्राफर येतात, त्यांना इथल्या वाटा आणि इथली भाषा माहीत असलेला दुसरा फोटोग्राफर उपयोगी पडतो. त्यांना सप्टेंबरातच ते २० फोटो पाठव. हंगाम सुरू झाल्यावर कुणाला वाचायला सवड नसते.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख अडवून ठेवू नकोस. आणि ठरलेलं सगळं लिहून घे, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. आपल्या कामाचा नमुना म्हणून ते दाखवायचे असतील तर तेही आधीच लिहून घे.

आईवर रागावू नकोस. फॉर्म भर, त्यात कमीपणा काही नाही. पण तिच्याकडून हा एक हंगाम मागून घे. एका वहीत आलेला आणि गेलेला पैसा रोज लिही, आणि फेब्रुवारी संपला की ती वही घेऊन तिच्यासमोर बस.