समाधानी राहा म्हणे, पण कसं? (सिस्टरना विचारा)

प्रश्न: सिस्टर, सलाम. मी मूळचा नगरचा, आता हडपसरला असतो, आयटीत आहे, वय ३९. फ्लॅट आहे, गाडी आहे, हप्ते चालू आहेत, बायको शिक्षिका, मुलं गुणी. तरी रात्री मोबाइल बघताना कुठेतरी टोचतं. चर्चच्या तरुण संघात माझ्याबरोबर गिटार वाजवणारा एकजण आता कॅनडात आहे, त्याच्या घराचे फोटो बघितले की माझं घर एकदम लहान होऊन जातं. रविवारी उपासनेत पाळकसाहेब सांगतात, बायबलातला प्रेषित पौल तुरुंगात असून समाधानी होता. ते ऐकून आणखीनच वाईट वाटतं, म्हणजे आधी असमाधान आणि वर त्याचं पाप. बायको म्हणाली अनाथाश्रमात जाऊन ये, आपण किती सुखात आहोत ते कळेल. नाताळात गेलो, केक वाटले, फोटो काढले, दोन दिवस बरं वाटलं, मग परत तेच. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: भाऊ, सलाम. विश्वासाचं माप काढणारी मी कोण, मी आयुष्यभर तापाचं माप काढलं. पण पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय एकदा घरी बसून सावकाश वाचा, उपदेशात तुकडाच येतो. पौल तिथे म्हणतो की मी समाधानी राहायला शिकलो. शिकलो! म्हणजे आधी त्यालाही येत नव्हतं. आणि ते पत्र मुळात आभाराचं आहे, फिलिप्पैच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांनी, एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती त्याला मदत पाठवली होती, ती त्याने घेतली आणि माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत असंही लिहिलं. तो एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता तेव्हा पौलाच्या जिवाला घोर लागला होता, तेही त्याच पत्रात आहे, दुसऱ्या अध्यायात. तेव्हा टोचणं हे पाप आहे असं मनातून काढून टाका.

आता अनाथाश्रमाचं. रागावू नका, पण तुम्ही तिथे स्वतःचं औषध आणायला गेलात. दुसऱ्याचं दुःख बघून आपलं सुख मोजायचं म्हणजे मोजणं काही थांबत नाही, फक्त तराजूत समोर माणूस बदलतो. कॅनडावाल्याकडे बघितलं की आपण लहान, त्या पोरांकडे बघितलं की आपण मोठे. आणि पोरांना ते कळतं हो, केक घेऊन येणारा फक्त डिसेंबरात येतो हे त्यांना पाठ असतं.

माझं सांगते. मिशन हॉस्पिटलात नर्स होते, तिशीच्या आत. बरोबरीच्या दोघीतिघी गल्फला गेल्या, पत्रातून सोन्याचं कळायचं, मी इथे नाइट ड्युटी करत जळत बसायचे. वॉर्डात एक म्हातारी होती, साखरेने पाय सडलेला, तिचं ड्रेसिंग माझ्याकडे. आजी महाखवट. उशीर झाला की शिव्या, पट्टी घट्ट झाली की शिव्या, थँक्यू वगैरे तर सोडाच. मला काही साक्षात्कार झाला नाही बरं का. फक्त एकदा मैत्रिणीचं पत्र आलं आणि लक्षात आलं की पंधरा दिवस मला कुवेत आठवलंच नव्हतं, डोक्यात एवढंच की जखमेची कड लाल होतेय की पांढरी. नंतर मत्सर परत आला, नाही कशाला म्हणू, पण तो जातो हे तरी कळलं होतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले, पुढे लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा गेला, पदरात लहान मुलगी. ख्रिस्ती झाल्या १८८३ मध्ये, तेही इंग्लंडात, आणि आपल्या लोकांचा रोष ओढवून घेतला. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा स्वतःची उपासमार आठवून त्या तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. आणि याच बाईंनी १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी व्यवस्थेवर पेपरातून जाहीर टीका केली! समाधानी माणूस गप्प बसतो असं कुणी सांगितलं तर हे सांगा. पगार कमी वाटत असेल तर खुशाल मागा.

करायचं काय, तर फोटो निघणार नाही असं एक काम धरा आणि ते ठरलेल्या वारी करा. मंडळीत डायलिसिसला जाणारा कुणीतरी असेलच, दर मंगळवारी त्याला नेऊन आणा. चार तास बाहेर बाकड्यावर बसावं लागेल, कंटाळा येईल, तो गृहस्थ किरकिरा निघाला तर उत्तमच. सहा महिने तरी करा. प्रार्थनेत समाधान मागू नका, त्या गृहस्थाचं नाव घ्या.

प्रश्न: मी मंडळीच्या प्रत्येक कामात असते, महिला मंडळ, मुलांना बायबल शिकवायची शब्बाथ शाळा, प्रीतिभोजनाचा स्वयंपाक. मिस्टर म्हणतात घराकडे बघ. सेवा सोडू का?

उत्तर: बाई, स्वयंपाक दुसरीकडे द्या. पाहुणचाराच्या धांदलीत असलेल्या मार्थेला प्रभूने सांगितलं की तू फार गोष्टींची दगदग करतेस, ते तुम्ही शब्बाथ शाळेत शिकवलंच असेल. आणि मिस्टरांना म्हणावं, घराकडे दोघांनी बघायचं असतं, रविवारची भांडी तुमची.