जळगावहून पहिल्यांदाच परदेशात, तेही श्रीलंकेला जायचंय. कधी जावं, काय बघावं?

डिसेंबर ते मार्चमध्ये जा. तेव्हा कोलंबो, गॉल आणि डोंगराळ भाग कोरडा असतो, आणि मे-जूनमध्येच सुट्टी असेल तर पूर्व किनारा धरा, त्रिंकोमालीकडे, कारण आपल्यासारखा नैऋत्य मान्सून त्या बाजूला पोचत नाही.

मुंबईहून विमान अडीच तासाचं, घड्याळही बदलावं लागत नाही. सिगिरियाचा खडक सकाळी सातच्या आत चढायला लागा, नंतर दगड तापतो. कँडी ते एल्ला मात्र ट्रेननेच जा, चहाच्या मळ्यांतून गाडी इतकी हळू जाते की दारात बसून सगळं डोळे भरून बघता येतं! नुवारा एलियाला रात्री स्वेटर लागतो, आपल्या उन्हाळ्याच्या हिशोबाने बॅग भरू नका.

आणि केळी! रावेर-यावलची केळी खाऊन मोठे झालेल्यांनी रस्त्याकडेच्या टपरीवर थांबायलाच हवं, घडच्या घड टांगलेले, लाल सालीची वेगळी आणि अंबुल म्हणून छोटी जरा आंबटसर वेगळी, मला तीच जास्त आवडली. तिखटाची सवय असेल तर पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल मिरचीतली चटणी, भातासोबत मागाच.

मंदिरात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात काढू नका, तिथल्या लोकांना ते खरंच लागतं.