आधी अर्ज टिकू द्या: नगरपालिका निवडणुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

२ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा-नगरपंचायतींचं मतदान झालं, राहिलेल्यांचं २० डिसेंबरला. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक सूर सारखा होता: ‘पुढच्या वेळी मीही उभा राहणार.’ मतदारांचं नंतर बघू. अनेकांची निवडणूक छाननीच्या टेबलावरच संपते, म्हणून इथे कागदांबद्दलचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: घरची चार मतं प्रभाग ४ मध्ये आणि माझं एकट्याचं प्रभाग ५ मध्ये गेलंय. मला ४ मधून लढता येईल का?

येईल. उमेदवाराचं नाव त्या शहराच्या यादीत कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं. सूचक (तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे) मात्र तुम्ही लढणार त्याच प्रभागाचे मतदार हवेत.

घरातली नावं अशी फुटतात कारण राज्य निवडणूक आयोग नवीन मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. गेल्या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर विधानसभेच्या यादीत नाव आलेल्यांना पालिकेचं मतदान नव्हतं, मग उमेदवारी तर लांबच. प्रारूप (कच्ची) यादी लागते तेव्हा हरकतीला मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात तुमची गल्ली दारोदार तपासून घ्या, कारण प्रभागाची हद्द पुष्कळदा रस्त्याच्या मधोमध जाते आणि समोरासमोरची घरं वेगळी पडतात.

अर्जात लिहायचा यादी भाग आणि अनुक्रमांक पालिकेच्या अंतिम यादीतला असतो. फोनवर साठवून ठेवलेला विधानसभेचा क्रमांक उतरवणारे दरवेळी सापडतात. यादीचा प्रमाणित उतारा काढा आणि त्यावरूनच भरा. सूचकांचंही तसंच.

प्रश्न: आमच्या प्रभागातली ‘अ’ जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी (महिला) अशी सुटण्याची शक्यता आहे. माझा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा आहे, मतदार यादीत सासरचं नाव. नवीन दाखला काढू का?

काढू नका. जात जन्माने येते, लग्नाने बदलत नाही. त्यामुळे दाखला वडिलांकडच्या कागदांवर आणि माहेरच्या नावानेच असतो, तोच बरोबर. तुम्हाला दोन नावं जोडणारा पुरावा हवा: विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा नाव बदलाचं राजपत्र. ते नसेल तर आत्ताच विवाह नोंदणी करून घ्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली असली तरी ती करता येते.

खरं दुखणं आहे जात वैधतेचं. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, पण त्याची पडताळणी जिल्हा समिती करते आणि ती मागते जुने पुरावे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे. वडील किंवा आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, कोतवाल बुक (गावच्या कोतवालाची जुनी नोंदवही) यांतलं काहीतरी शोधावं लागतं. आजोबांच्या उताऱ्यात ‘कु.’ असं तोडून लिहिलेलं असलं तर ते कुणबी की कुंभार, यावर फाईल अडकू शकते. म्हणून एका उताऱ्यावर विसंबू नका, चुलत आजोबांचेही काढा. रक्ताच्या नात्यात कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळ जोडा. त्याचा मोठा आधार होतो.

वैधता हातात नसेल तर समितीकडे केलेल्या अर्जाची पोच आणि हमीपत्र यांवर उमेदवारी अर्ज स्वीकारतात. मात्र निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र दिलं नाही, तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात पोच मिळवून मोकळं होणं हा जुगार आहे. शिवाय आरक्षणाची सोडत निवडणुकीच्या तोंडावर निघते आणि मग समितीच्या दारात रांग लागते. प्रवर्गातल्या ज्याला कधीतरी उभं राहायचंय, त्याने सोडतीची वाट पाहू नये. (आणि सर्वसाधारण जागेवरूनही तुम्हाला लढता येतं, हे पक्षाची माणसं सांगत नाहीत.)

प्रश्न: पहिली मुलगी २००४ ची, मग २००८ ला जुळे मुलगे. मी बाद का?

नाही. दोन अपत्यांची अट १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मांना लागते. पण एका मुलानंतर पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. तिघांचेही जन्मदाखले जवळ ठेवा, कारण हरकत येणार. तिसरं मूल दिराला दत्तक देऊन सुटका होते ही समजूत मात्र चुकीची आहे. जन्म दिलेलं मूल मोजलं जातंच.

प्रश्न: तिकीट नक्की आहे, पण ‘एबी फॉर्म शेवटच्या दिवशी देऊ’ म्हणतात. काय करू?

गृहीत धरा की तो येणार नाही.

‘अ’ नमुना म्हणजे फॉर्म वाटायचा अधिकार पक्षाने कुणाला दिला ते, आणि ‘ब’ म्हणजे त्या अधिकाऱ्याने तुमचं नाव दिलं ते. दोन्ही शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचायला हवेत आणि सही मूळ हवी. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. नेता तीन वाजता फाटकाशी पोचला तर उपयोग शून्य.

नगरपरिषदेत मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. पक्षाच्या भरवशावर एकाच सूचकाची सही घेतलेला उमेदवार फॉर्म न आल्यास अपक्ष म्हणूनही उरत नाही, अर्ज सरळ बाद. म्हणून दोन अर्ज भरा: एक पक्षाचा, एक पाच सूचकांसह अपक्ष. एका जागेसाठी चार अर्जांपर्यंत मुभा असते. सूचक सहा-सात तयार ठेवा, ऐनवेळी एखादा दुसऱ्या प्रभागातला निघतोच.

शपथपत्रात एकही रकाना रिकामा सोडू नका. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. शौचालय वापराचं स्वयंघोषणापत्र विसरू नका. आयोगाच्या पोर्टलवर भरलेल्या अर्जाच्या छापील प्रतीवर प्रत्येक ठिकाणी सही झाली ना, ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतःच्या डोळ्यांना स्वतःची चूक दिसत नाही.

अर्ज बाद झालाच तर तीन दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येतं. निर्णयाची प्रत त्याच संध्याकाळी मागा. डिसेंबर २०२५ मध्ये काही ठिकाणचं मतदान पुढे गेलं ते अशा अपिलांचे निकाल उशिरा लागल्यामुळेच.

प्रश्न: खर्चाची मर्यादा किती? चहा-वडापावही धरतात का?

धरतात. २०२५ ला सदस्यासाठी (नगरसेवकासाठी) ‘अ’ वर्ग, म्हणजे सर्वांत मोठ्या नगरपरिषदेत ५ लाख, ‘ब’ वर्गात साडेतीन लाख, ‘क’ वर्गात अडीच लाख आणि नगरपंचायतीत सव्वादोन लाख अशी मर्यादा होती. पुढच्या वेळचा आकडा त्या वेळच्या आदेशातून घ्या.

प्रशासन दरपत्रक काढतं. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, रिक्षा, प्रत्येकाचा दर ठरलेला असतो. दुकानदाराने स्वस्तात दिलं म्हणून तुम्ही कमी लिहिलं, तरी तपासनीस दरपत्रकानेच मोजतो. पाचशे माणसांच्या सभेतल्या खुर्च्या व्हिडिओवरून मोजता येतात, हे लक्षात असू द्या. अर्जाआधी वेगळं बँक खाते उघडा आणि सगळा खर्च त्यातूनच करा. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायला लावा. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा असतो. पडलेला उमेदवार तो हमखास विसरतो आणि मग आयोग त्याला निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो.

प्रश्न: घरावर एक मजला विनापरवाना चढवलाय. अडेल का?

अडेल, बहुधा निवडून आल्यावर. तुम्ही, जोडीदाराने किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केलं असेल तर नगरसेवकपद जाऊ शकतं, आणि पडलेला उमेदवार पहिली तक्रार त्याचीच करतो. आधी पालिकेत जाऊन तो मजला नियमित होतो का ते लेखी विचारा. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकीही त्याच फेरीत भरून पावती घ्या. मजल्याची घरपट्टी भरली म्हणजे तो नियमित झाला असं मात्र होत नाही.